सतरा नंबरची दुसरी टेकडी

शैलजा कामथेच्या बारचं वजन चाळीस ग्रॅम. निम्म्यात सुकं अंजीर आणि खजूर, निम्म्यात शेंगदाणे आणि बदाम. वरून साखर नाही, दुसरंही काही नाही. वेष्टनाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं असे, ऊर्जा एकशे सत्तर कॅलरी, प्रथिनं साडेपाच ग्रॅम. सासवडच्या तिच्या लहानशा कारखान्यातून नऊ वर्षं हे बार बाहेर पडत होते आणि नऊ वर्षांत त्या आकड्यांवर कुणी शंका घेतली नव्हती. घ्यायचं कारणही नव्हतं, कारण आकडे खरेच होते.

मग फुंकणी आली, आणि आकडे खरे असले तरी ते बारबद्दलचे आहेत, बार खाणाऱ्या माणसाबद्दलचे नाहीत, हे सगळ्यांना कळून चुकलं.

फुंकणी हे काही त्या यंत्राचं खरं नाव नव्हे. खरं नाव लांबलचक होतं आणि ते सरकारी कागदांतच राहिलं. वीतभर लांबीची नळी, एका टोकाला तोंड लावून फुंकायचं, दुसऱ्या टोकाला मिसरीच्या डबीएवढं यंत्र. चुलीपुढं बसून फुंकल्यासारखीच सगळी क्रिया, त्यामुळं लोकांनी पहिल्याच महिन्यात बारसं करून टाकलं.

त्यामागचं शास्त्र तसं सरळ आहे. निसर्गातला कार्बन बहुतेक हलका असतो आणि शंभरात एखादा अणू किंचित जड. हा जड कार्बन अगदी निरुपद्रवी. त्यातून किरणं वगैरे काही निघत नाहीत, नुसता वजनाला जास्त. आता बंद काचघरातल्या हवेत जड कार्बनचा वायू सोडला आणि तिथं भुईमूग, बदाम, अंजीर वाढवलं, तर त्या झाडांचं सगळं अंगच जड कार्बनचं बनतं. त्या फळांचा बार करून माणसाला खायला द्यायचा. त्यातलं जेवढं पचून रक्तात उतरेल तेवढंच शरीरात जळेल आणि जड कार्बन होऊन श्वासातून बाहेर पडेल. न पचलेलं आपल्या वाटेनं निघून जाईल. दर अर्ध्या तासानं फुंकायचं, अधूनमधून बोटाचा एक थेंब रक्त द्यायचं, की आठ तासांत यंत्र सांगतं, बारमधलं किती तुमच्यापर्यंत पोचलं. या आकड्याला लोक नुसतं ‘पोच’ म्हणू लागले.

गंमत पुढंच होती. अंजिरातली साखर सगळ्यांनाच पोचते, त्यात लहानमोठा भेद नाही. पण दाण्यातलं तेल आणि प्रथिन सुटं नसतं. ते लाखो बारीक पेशींत भरलेलं असतं आणि प्रत्येक पेशीभोवती चिवट भिंत असते. ही भिंत पोटातल्या रसांना फुटत नाही. ती फुटते दातांनी, नाहीतर जात्यात. दाणा नीट चावला तर आतलं हाती लागतं. भराभर गिळला तर दाण्याचे कण पोटात शिरून, चार मुक्काम करून, जसेच्या तसे बाहेर पडतात. जाणकारांना हे जुनंच ठाऊक होतं, पण माणसागणिक मोजण्याची सोय नव्हती. सोय झाल्यावर सरकारनं नियम केला. चोवीस माणसांवर तीन दिवस चाचणी घ्यायची. प्रथिनांची सरासरी पोच साठ किंवा त्याहून वर आली तर मालाला पोषक आहार म्हणायचं. एकोणसाठ आली तर मिठाई.

शैलजाला एकोणसाठ आले.

हा निकाल तिला डॉक्टर फरीदा तांबोळीनं फोनवर सांगितला. फरीदा मूळची सासवडचीच, आता हडपसरच्या चाचणी प्रयोगशाळेची प्रमुख. शैलजापेक्षा शाळेत दोन वर्षं मागं होती.

“एका टक्क्यानं गेलं, शैलाताई,” ती म्हणाली. “आणि खरं सांगू का, सासवडची माणसं होती म्हणून इतके तरी आले. असलेच बार मी पुण्यातल्या लोकांना दिले की पन्नाशीच्या आसपास येतात. आपली माणसं चावतात.”

का चावतात ते दोघींनाही माहीत होतं. सासवडला एकतीस वर्षं व्यायाम शिकवणारे कुंजीर सर, म्हणजे शैलजाचे वडील, मधल्या सुट्टीत डब्यांच्या ओळींतून फिरत आणि घास बत्तीस वेळा चावल्याशिवाय कुणाला गिळू देत नसत. गावातली निम्मी माणसं अजूनही मनात आकडे मोजत जेवतात. बार करायचं ठरलं तेव्हा दाणा भरडच ठेवायचा, तो दाताखाली आला पाहिजे, हा आग्रहही सरांचाच. बारच्या वेष्टनावर मागच्या बाजूला नाव होतं ते शैलजाचं. दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत ‘बत्तीस वेळा चावा’ असं लिहिलेलं, आणि खाली कुंजीर सरांची वळणदार सही.

“मग आता?” शैलजानं विचारलं.

“एक वाट आहे. तेवीसजण ठीक आहेत. एक जण सगळ्यांना खाली ओढतोय. सतरा नंबर. त्याची पोच एकवीस आहे.”

“एकवीस!”

“आलेख बघितला तर प्रत्येकाच्या दोन टेकड्या दिसतात. पहिली अंजिराची, खाल्ल्यावर तास-दीड तासात. दुसरी दाण्यांची, चौथ्या-पाचव्या तासाला. सतरा नंबरची पहिली टेकडी चांगली उंच आहे. दुसरी जवळपास नाहीच. सपाट रान. म्हणजे दाणे पोटात गेलेच नाहीत, नाहीतर गेले पण फुटले नाहीत. यंत्राला यातला फरक कळत नाही. त्या माणसानं लेखी दिलं की मी दाणे खाल्ले नव्हते, आणि उत्पादक म्हणून तुम्ही खाली सही केली, तर तो नंबर मला काढता येतो. मग सरासरी जवळजवळ एकसष्ट होते.”

“कोण आहे सतरा नंबर?”

“नावं बंद पाकिटात होती. आज उघडली.” फरीदाचा आवाज उतरला. “आपले सर आहेत.”

आता शैलजासाठी हा एक टक्का किती मोठा होता ते सांगायला हवं. ज्येष्ठ निवासांना दुपारचा खाऊ पुरवणाऱ्या एका संस्थेनं तिचा बार पसंत केला होता. अट एकच, पोच साठच्या वर. ते काम मिळालं तर कारखान्यातल्या चौदाही बायका वर्षभर कामावर राहणार होत्या. नाही मिळालं तर मिठाईच्या फळीवर पेढे-बर्फीच्या शेजारी बसून अंजिराचा बार किती खपणार? सातजणींना घरी बसवावं लागलं असतं, आणि कोणत्या सात, हे शैलजाला ठरवायचं नव्हतं.

ती दुपारी वडिलांकडे, अण्णांकडे गेली. आई गेल्यापासून अण्णा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आपल्या दोन खोल्यांत एकटेच राहत. शैलजाचं घर दीडशे पावलांवर, पण लेकीच्या घरी रोज जेवायला जायचं नाही हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं. सणावाराला येत, दोन घास खाऊन उठत. बार मात्र त्यांना चालत असे. तो लेकीच्या घरचा नव्हता, कारखान्यातला माल होता. गेली दोन वर्षं दुपारच्या जेवणाला ते दोन बारच खात होते. “तुझ्या वेष्टनावरच लिहिलंय की सगळं असतं यात,” असं म्हणत. शैलजाला त्याचं बरंच वाटायचं. म्हातारपणी बाप आपल्या हातचं खातोय, भले पाकिटातलं का असेना.

“अण्णा, चाचणीत सतरा नंबर तुमचा होता,” ती बसता बसता म्हणाली आणि चाचणीचं सांगितलं. मोठं काम जाईल, बायका घरी बसतील, हेही म्हणाली.

अण्णा एकोणऐंशी वर्षांचे. अजून ताठ बसत. हल्ली मात्र अर्धी चड्डी सोडून पायघोळ पायजमा घालू लागले होते आणि त्याचं कारण त्यांनी थंडी असं सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पास व्हायला किती कमी पडले?”

“एक.”

“आणि मला वगळलं तर पास?”

“हो. पण कारण लागतं.”

“मग लिही की. दाणे मी खाल्लेच नाहीत. अंजीर खाल्लं, दाणे तेवढे वेचून रुमालात टाकले.”

“का पण?”

“नाही आवडत मला दाणे.”

दाणे भरड ठेव म्हणून जो माणूस आठवडाभर तिच्याशी भांडला, त्याला दाणे आवडत नव्हते! शैलजाला हे त्याच क्षणी खटकायला हवं होतं. खटकलंही. पण मनात सात बायकांची नावं फिरत होती, आणि विश्वास ठेवणं फार सोयीचं होतं. तिनं ठेवला.

“कागद दे इकडं,” अण्णा म्हणाले. “उद्या सकाळच्या बसनं मी स्वतः फरीदाकडं नेऊन देतो. चूक माझी, मीच जाणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलजा कारखान्यात आली तेव्हा मंगल इंगळे भरडणीपाशी उभी होती. मंगल ही कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई. चाचणीचे तीन दिवस बार वाटायचं आणि माणसांनी तो पुरता खाल्ला का, हे बघायचं काम तिच्याकडेच होतं. तिच्या यादीत चोवीसही नावांपुढं तिन्ही दिवस ‘पूर्ण’ असं लिहिलेलं होतं.

“मंगल, अण्णा दाणे वेचून रुमालात टाकत होते, तुला दिसलं नाही?”

“कोण म्हणतंय?”

“अण्णाच.”

मंगलनं यंत्र बंद केलं. “ताई, आपल्या बारातला दाणा वेचायचा म्हंजी सुई घिऊन बसाय लागंल. खजुरात लिंपल्याला असतोय त्यो. सरांनी काय बी टाकलं न्हाई. सगळा खाल्ला.”

“मग?”

मंगल पदराशी चाळा करत राहिली.

“बोल ना.”

“सर चावत न्हाईत, ताई. बाराचं बारकं बारकं तुकडं करत्यात, एकेक जिभेवर ठिवत्यात आन् वरनं पाणी. तापाची गोळी घ्यावी तसं. तिन्ही दिस तसंच. दोन तांबं पाणी लागलं त्यास्नी एका बाराला.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“काय सांगू?” मंगलचा आवाज चढला. “डबा भराभर खाल्ला म्हणून आठवीत मला बाकावर उभं केल्यालं त्यांनी. त्यास्नी मी सांगू, सर, चावून खावा? मला वाटलं, कवळी नवी असंल. रुळंल.”

कवळी नवी नव्हती. चार वर्षांपूर्वी बसवली होती. शैलजा अण्णांबरोबर तेव्हा दवाखान्यात गेली होती, आणि डॉक्टर बाहेर बसा म्हणाले नव्हते तरी अण्णांनी तिला बाहेर बसवलं होतं. बोळकं झालेलं आपलं तोंड त्यांनी लेकीला एकदाही दिसू दिलं नव्हतं. हिरड्या दर वर्षी झिजतात, जुनी कवळी सैल होते, घासते, दुखते, हे तिला वाचून माहीत होतं. चार वर्षांत तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

भरडणीला टेकून ती उभी राहिली आणि तिला सगळं एकदमच दिसलं. दोन बार म्हणजे अकरा ग्रॅम प्रथिनं, असा ती दोन वर्षं हिशेब करत आली. अण्णांना पोचत होती दोन-सव्वादोन. अंजिराची साखर मात्र पुरती पोचत होती. त्यामुळं पोट भरत होतं, तरतरी येत होती, भूक मरत होती. पहिली टेकडी उंच. आणि दुसरीच्या जागी सपाट रान, दोन वर्षं. पायजम्याच्या आत अण्णांच्या पोटऱ्यांचं काय झालं असेल, याचा विचार करवेना. ज्या माणसानं गावाला चावायला शिकवलं, त्याला तिनं आपल्या हातानं, आपल्या नावाच्या पाकिटातून, उपाशी ठेवलं होतं. तिला स्वतःचा इतका राग आला की मंगल घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

अण्णांना फोन लावला तर ते हडपसरला पोचलेसुद्धा होते. शैलजानं स्कूटर काढली.

प्रयोगशाळेत फरीदाच्या टेबलासमोर अण्णा पाठ सरळ ठेवून बसले होते. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. पुढ्यात त्यांनी लिहून दिलेला कागद. फरीदा त्यांच्यासमोर अजून विद्यार्थिनीसारखीच, खुर्चीच्या टोकाला.

“बरं झालं आलात, शैलाताई. सरांनी दिलंय लिहून. तुमची तेवढी सही.”

“मी सही करणार नाही,” शैलजा म्हणाली.

“का?” अण्णांनी मान न वळवता विचारलं.

“कारण तुम्ही दाणे खाल्लेत.”

“मी सांगतोय ना, नाही खाल्ले.”

“अण्णा, मंगलनं पाहिलंय.”

“मंगल काय बघणार! तिला आठवीत पाढे येत नव्हते.” अण्णा रागावले की जुन्या विद्यार्थ्यांची प्रगतिपुस्तकं काढत. “तू तिचं ऐकणार आणि मला खोट्यात काढणार? चारचौघांत?”

फरीदा अवघडून म्हणाली, “नियम असा आहे, की दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर सगळी चाचणीच रद्द होते. पुढची तारीख सहा महिन्यांनी. तोवर पोषकही नाही, मिठाईही नाही. माल विकताच येत नाही.”

“ऐकलंस?” अण्णा म्हणाले. “कर सही. चौदा बायकांचं बघ. माझ्यासारख्या एका म्हाताऱ्याला काय पोचलं, काय नाही, याच्यावाचून जगाचं काही अडलेलं नाही.”

“माझं अडलंय!” शैलजा एवढ्या मोठ्यानं बोलली की पलीकडच्या खोलीत फुंकण्या घेऊन बसलेल्यांनी माना वळवल्या. “दोन वर्षं रोज तुम्ही माझ्या भरवशावर जेवलात. मी तुम्हाला उपाशी ठेवलं, अण्णा. साडेपाच छापायचं आणि एक द्यायचं, हे मी तुमच्याबरोबर केलं. एकदा सांगायचं होतं, शैले, मला चावत नाही म्हणून. मी काय हसले असते?”

अण्णांनी पुढ्यातला कागद सरळ केला. मग हळू आवाजात म्हणाले, “तुझ्या पाकिटावर माझी सही आहे. बत्तीस वेळा चावा. खाली सही करणाऱ्यालाच चावता येत नाही, हे कुणाला सांगायचं? आणि पोट भरायचं गं. खरंच भरायचं.”

“पोट अंजिरानं भरायचं. अंगाला काही लागत नव्हतं.”

“ते मला काय माहीत!”

ते खरंच होतं. ते कुणालाच माहीत नव्हतं. फुंकणी नसती तर शैलजानं आणखी दहा वर्षं अभिमानानं बापाला बार पुरवले असते, आणि अण्णा वाळत चाललेत ते वयामुळं, असं सगळ्यांनी म्हटलं असतं.

फरीदानं दोघांपुढं पाणी सरकवलं. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, “सर, ज्येष्ठ निवासवाल्यांना महिनाअखेर आकडा कळवायचा आहे. तेवढ्यात काय ते...”

“कोण ज्येष्ठ निवासवाले?” अण्णांनी विचारलं.

शैलजानं ते त्यांना सांगितलंच नव्हतं. मोठं काम आहे, एवढंच म्हणाली होती. आता तिनं सांगितलं. अकरा निवास, साडेआठशे माणसं, रोज दुपारी एकेक बार.

“सगळे माझ्या वयाचे?”

“कमीजास्त.”

“त्यातले कवळीवाले किती असतील?”

अण्णांनी पुढ्यातला आपलाच कागद उचलला, हात लांब करून पुन्हा एकदा वाचला. शिक्षकी डोळ्यानं एका ठिकाणी राहिलेला अनुस्वारही त्यांनी पेन काढून देऊन टाकला. मग कागद टेबलावर ठेवला.

“फरीदा, हा कागद पास झाला तर पाकिटावर एकसष्ट छापणार?”

“हो, सर.”

“आणि ती माणसं एकसष्ट वाचून दुपारचं जेवण सोडणार. मी सोडलं तसं.”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. शैलजाला वाटलं, ते आता उठून जाणार. अण्णांनी खिशातून रुमाल काढला, तोंडाशी धरला, मान खाली घातली. मग त्यांनी कवळी काढली, वरची आणि खालची, आणि ती कागदावर, आपल्या सहीच्या शेजारी ठेवली.

त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. गाल आत गेले, हनुवटी नाकाजवळ आली. शैलजानं हा माणूस जन्मात पाहिला नव्हता. हिरडीवर उजव्या बाजूला लाल चट्टा होता, चांगला बोटाच्या पेराएवढा. फरीदा खाली बघू लागली.

“वर बघ, फरीदा,” अण्णा म्हणाले. शब्द फसफसत आले, पण कळले. “सतरा नंबरनं सगळं खाल्लं. चावलं नाही. असं लिही.”

फरीदानं लिहिलं. अण्णांनी सही केली, त्याखाली शैलजानं केली.

पुढं जे व्हायचं तेच झालं. सरासरी एकोणसाठच राहिली, बार मिठाईच्या फळीवर गेला आणि ज्येष्ठ निवासांचं काम गेलं. फरीदानं एक उपाय सांगितला. दाणे भरडण्याऐवजी लोण्यासारखे मऊ वाटायचे, म्हणजे पेशींच्या भिंती जात्यातच फुटतील, दातांवर काही सोडायला नको. तिच्या अंदाजानं बोळक्या तोंडालाही पंचावन्न-साठ टक्के पोचायला हरकत नव्हती. मात्र ज्यांचं वजन आधीच जास्त आहे त्यांनाही दाण्यातलं तेल तेवढंच पोचणार, त्यामुळं भरड बार बंद करू नका, दोन वेगळे ठेवा, असंही ती म्हणाली. आणि पुढच्या वेळी चोवीसातले निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे घ्या. सहा महिन्यांनी तारीख मिळेल. सहा महिने चौदाजणींना अर्धा दिवस काम द्यायचं, घरी कुणालाच बसवायचं नाही, असं शैलजानं तिथल्या तिथं ठरवलं. मंगल कुरकुर करेल, पण ऐकेल, असं तिला वाटलं.

दोघं बाहेर आले तेव्हा साडेबारा झाले होते. अण्णा बसनं जायचं म्हणत होते. शैलजानं स्कूटरची मागची बैठक पुसली, तेव्हा ते बसले. कवळी त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात टाकली होती, परत लावली नव्हती. दिवे घाटाच्या चढाला त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन तिला फार कमी वाटलं आणि डोळे भरून आले, पण गाडी चालवताना पुसता येईनात.

घाट संपला तसा मागून आवाज आला.

“शैले.”

“काय, अण्णा?”

“तुझ्याकडं भात असेल का गं? मऊ?”

आई गेल्यापासून अण्णांनी तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. शैलजानं गाडीचा वेग कमी केला नाही.

“आहे की,” ती म्हणाली.

नव्हता. घरी पोचल्यावर अण्णांना पंख्याखाली बसवून तिनं कुकर लावला. तांदूळ एक वाटी, मुगाची डाळ दोन वाट्या.